भात, भाकरी आणि मनाची भूक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाताने आणि बटाट्याने वजन वाढते, हा समज शहरी घरांत इतका रुजला आहे की वजन उतरवायचे ठरताच ताटातून सर्वांत आधी भात हद्दपार होतो. या पदार्थांतील मुख्य घटक म्हणजे पिष्ट, अर्थात ग्लुकोजच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांपासून बनलेले कर्बोदक; त्याच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून ९. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण ८७ किलोकॅलरी असतात आणि तेवढ्याच वजनाच्या वेफर्समध्ये पाचशेहून अधिक, कारण तळताना बटाट्यातले पाणी निघून जाते व तेल आत शिरते. दोष मात्र बटाट्याच्या माथी येतो. सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थांचा ‘तृप्ती निर्देशांक’, म्हणजे समान ऊर्जेच्या घासांनी भूक किती भागते याचे मोजमाप, प्रसिद्ध केले, तेव्हा पांढऱ्या पावाला १०० धरले असता उकडलेला बटाटा ३२३ गुणांसह पहिला आला.

वरण-भातात प्रथिने नसतात, हेही खरे नाही. तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत जे मेथिओनीन कमी पडते, ते तांदूळ पुरवतो.

याहून अधिक नुकसान करणारा गैरसमज असा की, खाण्याची सततची ओढ हा मनोनिग्रहाचा अभाव होय. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांच्या जेवणात बटाटे, पाव आणि मॅकरोनी हेच मुख्यत्वे होते, म्हणजे पिष्ट होते, पण पोटभर नव्हते. हे तरुण पाककृतींची पुस्तके वाचू लागले, स्वप्नांतही अन्न पाहू लागले, आणि निर्बंध उठल्यावर त्यांतील अनेकांनी प्रचंड खाल्ले तरी त्यांचे समाधान होईना. या माणसांचा स्वभाव बिघडला नव्हता. उपाशी शरीराने मनाचा ताबा घेतला होता. दिवसभर भात-भाकरी टाळून रात्री फरसाणाच्या डब्याकडे वळणाऱ्या माणसाला दूषण देण्यापूर्वी हे लक्षात घ्यायला हवे.

अन्नाशी असलेली भावनिक जवळीक ही मुळात विकृतीही नव्हे. तापातून उठलेल्याला मऊ भात, त्यावर चिमूटभर मेतकूट आणि तुपाची धार देण्याची रीत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आहे, आणि मायेने मिळालेल्या त्या घासाची चव व आधाराची भावना मेंदूत एकत्र साठवली गेल्याने पुढे दुःखात तोच भात हवासा वाटतो. ती इच्छा दडपण्याचे काहीच कारण नाही.

मात्र पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाने रक्तातील साखर झपाट्याने चढते, त्यामुळे मधुमेहींनी भाताचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे आणि सोबत डाळ-भाजी भरपूर घ्यावी. पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्व वेगळे घ्यावे, कारण ते धान्यांत व डाळींत नसते. खाण्यावरचा ताबा वारंवार सुटत असेल, तर आणखी एखादा पदार्थ वर्ज्य करण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी.