सही आणि संमती

पीएच.डी.साठी नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आता ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने तो २०१९ च्या अखेरीस सक्तीचा केला. दोन श्रेयांक, तीस तास, सहा प्रकरणे. त्यांपैकी सात तास प्रकाशनाच्या नीतीला, आणि आणखी सात तास आपल्या लेखाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला हे मोजण्याच्या साधनांना दिलेले आहेत. त्याआधी २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयीचे नियम आले. प्रबंधातील मजकूर दहा टक्क्यांपर्यंत जुळला तर शिक्षा नाही, साठांच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. या टक्केवारीची धास्ती विद्यार्थ्यांत इतकी आहे की नीती म्हणजे संगणकाने दिलेला आकडा, अशीच अनेकांची समजूत झाली आहे.

हे नियम हवेतच. पण त्या सहा प्रकरणांची शीर्षके वाचताना मला एक गोष्ट खटकली. ज्याच्या दारात जाऊन आपण प्रश्न विचारतो, त्या माणसाच्या नावाचे प्रकरण त्यांत नाही. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, लोकसाहित्य यांतले आपले बरेचसे संशोधन तर अशा माणसांच्या बोलण्यावरच उभे असते. वैद्यकीय महाविद्यालयांत नैतिकता समितीपुढे जावे लागते; कला शाखेत मार्गदर्शकांच्या सद्‌सद्विवेकावर बरेच काही सोडलेले असते.

संमती म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तेथील कैद्यांना लस देण्यात आली. ज्यांनी आपणहून होकार दिला त्यांनाच ती टोचली, अशी नोंद आहे. लस घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली राहिली. हाफकिन यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जो धोका इतरांना पत्करायला सांगायचा तो त्यांनी आधी स्वतः पत्करला होता. तरीही मला विचारावेसे वाटते, की भिंतीआड कोंडलेल्या आणि शेजारच्या कैद्याला मरताना पाहणाऱ्या माणसाच्या ‘हो’मध्ये त्याची इच्छा किती आणि परिस्थिती किती? नाही म्हणण्याची त्याची खरोखर किती सोय होती?

शंभर वर्षांनंतर याच मुंबईत हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. अर्ध्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ठराविक काळाने कर्करोगासाठी तपासणी होई. उरलेल्यांना फक्त आरोग्यशिक्षण मिळाले. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ साली जाहीर झाले. केवळ साध्या शिरक्याच्या आम्लाने करायच्या या तपासणीचे महत्त्व मोठे आहे. पण टीकाही झाली. तपासणीविना ठेवलेल्या स्त्रियांना आपण कोणत्या गटात आहोत आणि आपल्याला काय मिळणार नाही, हे पुरते कळले होते काय? देशात तेव्हा अशी तपासणी सर्वत्र उपलब्धच नव्हती, तेव्हा कुणाचे काही काढून घेतले नाही, असे संशोधकांच्या बाजूने सांगण्यात आले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरी माझा कल पहिल्या प्रश्नाकडे अधिक आहे, कारण अंगठा किंवा सही मिळाल्याने त्याचे उत्तर मिळत नाही.

आता आपल्या परिसराकडे पाहू. ठाण्यात समूह पुनर्विकासासाठी घरोघर सर्वेक्षण झाले आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर कल्याण परिसरात पंचनामे झाले. कागद घेऊन दारात आलेला माणूस घराची पात्रता ठरवतो किंवा मदत मिळवून देतो, हा येथील लोकांचा अनुभव आहे. अशा वेळी डोंबिवलीच्या एखाद्या चाळीत आपण प्रश्नावली घेऊन गेलो, तर ‘कॉलेजातून आलो आहोत’ या वाक्याचा समोरच्या बाईंवर काय परिणाम होतो? त्या खुर्ची देतात, चहा ठेवतात, विचारलेले सगळे सांगतात, आणि निघताना हळूच विचारतात, ‘मग आमचं नाव यादीत येईल ना?’ सही तर त्यांनी केव्हाच केलेली असते.

म्हणून पहिले वाक्य ‘यातून तुम्हाला काही मिळणार नाही’ हे असावे, असे माझे मत आहे. ते ऐकून काही दारे बंद होतील आणि नमुना लहान होईल, होऊ द्यावा. संमतीपत्र मराठीत, मोठ्याने वाचून दाखवावे. (विद्यापीठीय मराठीत नव्हे, ‘सहभागी उत्तरदात्याने’ असे म्हटले की निम्मे लोक ऐकणे सोडतात.) कागद दोन दिवस त्यांच्याकडे ठेवून परत जावे. मधेच थांबायचे असेल तर कारण सांगावे लागणार नाही, हेही बोलून दाखवावे.

नाव बदलण्याचा उपाय आपण सारेच करतो, पण तो दिसतो तितका पुरेसा नाही. तीन मजल्यांच्या इमारतीत ‘दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, मुलगा परदेशी’ एवढे लिहिले, की खालच्या किराणा दुकानदारालाही बाई कोण ते कळते. तेव्हा मजला गाळावा, व्यवसाय सैल करून लिहावा, आणि छापण्यापूर्वी तो परिच्छेद त्या बाईंनाच वाचून दाखवावा.