गमीच्या वजनातली पळवाट
अमेरिकेच्या २०१८च्या शेती कायद्याने हेंपला गांजापासून वेगळं काढलं. अट एकच: कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंतच डेल्टा-९ टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य. शेतातल्या झाडासाठी हे ठीक; पण ४ ग्रॅमच्या गमीत, म्हणजे चघळायच्या गोळीत, तेवढंच प्रमाण म्हणजे १२ मिलिग्रॅम, नवख्याला गरगरायला पुरेसं! विक्रेत्यांनी हे गणित बरोबर हेरलं.

मिनेसोटा राज्याने वजनाचा नाद सोडून नशाच मोजली. १ जुलै २०२२पासून एका मात्रेत ५ आणि पाकिटात ५० मिलिग्रॅमची मर्यादा, गिऱ्हाईक किमान २१ वर्षांचं. पाकीटही पोरांच्या हातून सहज न उघडणारं हवं.

नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने मात्र अख्ख्या डब्याला ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. अंमल वर्षभरानंतर.