शाखा, शिष्य आणि सत्तावीस गावं

शिवसेनेला पहिली सत्ता कुठे मिळाली? मुंबईत नव्हे, ठाण्यात! पक्ष स्थापन झाला १९ जून १९६६ ला आणि पुढच्याच वर्षी ठाणे नगरपालिकेवर भगवा लागला.

ठाण्यातले शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी स्वतः एकही निवडणूक लढवली नाही. तरी टेंभी नाक्यावर त्यांच्याकडे घरच्या भांडणापासून नोकरीपर्यंतची गाऱ्हाणी घेऊन माणसं रांगा लावत. २००१ मध्ये दिघे गेले. शिवसेना फुटल्यावर, २०२४ च्या लोकसभेला ठाण्यात नरेश म्हस्के आणि राजन विचारे समोरासमोर आले, म्हस्केंकडे धनुष्यबाण, विचारेंकडे मशाल, आणि दोघेही दिघेसाहेबांचे शिष्य! म्हस्के दोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. माझ्या मते, मतदारांनी इथे निष्ठा बदललीच नाही. वारस कोण, एवढंच ठरवलं.

चिन्ह बदललं तरी गोट बदलत नाही, याचा आणखी एक दाखला. ठाणे लोकसभेत १९८९ आणि १९९१ ला भाजपचे राम कापसे जिंकले. १९९६ मध्ये शिवसेना-भाजप युतीत जागा शिवसेनेकडे गेली आणि प्रकाश परांजपे सलग चारदा निवडून आले.

आपलेपणाला कारण तरी किती लागतं? १९७० च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे दोन गट केले. सांगितलं, चित्रकार क्लेची चित्रं आवडणारे इकडे, कँडिन्स्कीवाले तिकडे. खरं तर वाटणी आवडीनिवडी न बघताच केली होती. तरी मुलांनी आपल्या गटातल्या अनोळखी मुलाला जास्त पैसे दिले. समोरच्यांपेक्षा वरचढ राहता येत असेल, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळालेलेही अनेकांना चालले! आपल्याकडे तर शाखा, दहीहंडीचं पथक, गणपती मंडळ, डोंबिवलीची पाडव्याची स्वागतयात्रा असं सगळं वर्षानुवर्षं एकत्र जगलेलं असतं.

कल्याण ग्रामीण विधानसभा मतदारसंघात तर पक्षापेक्षा गावकी बोलते. २००९ ला मनसे, २०१४ ला शिवसेना, २०१९ ला पुन्हा मनसे. तिन्ही आमदार आगरी समाजाचे. २०१९ मध्ये इथले राजू पाटील मनसेचे राज्यातले एकमेव आमदार होते.

इथली २७ गावं १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. स्वतंत्र नगरपालिकेसाठी लढणाऱ्या संघर्ष समितीच्या नावातच ‘सर्वपक्षीय’ आहे. गावासाठी झेंडे खाली ठेवणारी ही एकी मला फार मोलाची वाटते. मागणी नाकारायचीच असेल, तर त्याची कारणं गावात येऊन, गावकऱ्यांसमोर सांगायला हवीत.