माळ्यावरच्या कॅसेटमधला आवाज लॅपटॉपवर

आजोबांचे कीर्तन, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, बारशाच्या दिवशीचा गलबला... अनेक मराठी घरांतील असे आवाज आजही माळ्यावरच्या कॅसेटमध्ये पडून आहेत. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या या कॅसेटची चुंबकीय फीत पिढ्यान्‌पिढ्या टिकावी म्हणून बनलेली नव्हती. दमट हवेत तिला बुरशी लागते, चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप कमकुवत होतो. शिवाय धड चालणारा टेपरेकॉर्डरही आता सहज मिळत नाही. त्यामुळे हे काम दिवाळीच्या सुट्टीवर ढकलण्यात अर्थ नाही.

टेपरेकॉर्डर लॅपटॉपसमोर ठेवून त्याच्या अंगच्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण करण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्नही आजीच्या सोबतीला येतात. त्यापेक्षा टेपरेकॉर्डरच्या हेडफोन सॉकेटमधून वायर काढून आवाज थेट लॅपटॉपमध्ये घ्यावा. मात्र लॅपटॉपवर बहुधा एकच सॉकेट असते, तेही हेडसेटसाठी. त्याचा मायक्रोफोनचा भाग अतिशय क्षीण संकेतासाठी बनवलेला असल्याने टेपरेकॉर्डरचा जोरकस संकेत तिथे सोडला की आवाज फाटतो. 'लाइन इन'ची सोय असलेले छोटे यूएसबी साउंड कार्ड घेणे श्रेयस्कर. बारीक गुणगुण ऐकू आल्यास चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. बहुधा ती थांबते.

मुद्रणासाठी 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट ही सीडीची प्रतही घरगुती कॅसेटला भरपूर होते. खरे लक्ष हवे ते आवाजाच्या पातळीकडे. सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील, असे पाहावे. पट्टी शून्याला टेकली की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि ते पुन्हा जसेच्या तसे मिळत नाहीत. कमी आलेला आवाज मात्र मागाहून वाढवता येतो.

त्याआधी फीत एकदा पूर्ण पुढे व मागे गुंडाळून सैल करावी आणि टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटेच लागणार, तेव्हा शेजारी बसून ऐकावे, हे उत्तम. (आजीने मध्येच कुणाला हाक मारली, ते अशा वेळीच कळते.)

मूळ प्रत 'वेव्ह' स्वरूपात ठेवावी. तासाभराची स्टिरिओ फाइल सुमारे ६३५ मेगाबाइट होते. नातेवाइकांना पाठवायला एमपी३ चालेल, पण जपून ठेवायला नव्हे, कारण आकार लहान करताना त्यातून आवाजाचा काही भाग कायमचा वगळला जातो.

खरखर काढण्याची घाईही करू नये. सॉफ्टवेअरला सतत येणारा एकसुरी आवाज म्हणजे कचरा वाटतो. जात्याची घरघर नेमकी तशीच असते, आणि ती गेली की ओवीची लयच हरवते. असे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. मूळ फाइल दोन निरनिराळ्या डिस्कवर ठेवावी आणि कॅसेटही लगेच भंगारात देऊ नये.