व्यक्तिशः लेखन-मार्गदर्शन : न्हावा-शेवा परिसरातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात लेखनाचे जे प्राथमिक अध्यापन होते, त्याचे सामान्य स्वरूप आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. निबंध, पत्र, सारांश, अहवाल इत्यादी प्रकारांची लक्षणे वर्गात सांगितली जातात, विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात, एखादा नमुना लिहून आणतात, आणि काही दिवसांनी तो नमुना तांबड्या शाईच्या खुणांसह त्यांच्या हाती परत येतो. या व्यवहारात शिक्षकाचे श्रम मोठे असतात. तथापि विद्यार्थ्याच्या पुढील लेखनात त्याच चुका पुन्हा आढळतात, असा बहुतेकांचा अनुभव आहे. याचे खापर विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणावर फोडणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नव्हे. लेखन हे ज्ञानापेक्षा कौशल्य अधिक, आणि कौशल्य हे शेजारी बसूनच शिकविता येते. सुतार आपल्या उमेदवारास रंधा कसा धरावा हे फळ्यावर लिहून दाखवीत नाही. प्रस्तुत लेखात एकेका विद्यार्थ्यास समोर बसवून केलेल्या लेखन-मार्गदर्शनाचे स्वरूप, त्याची पूर्वपीठिका, त्याच्या मर्यादा आणि त्यास लागणारा वेळ यांचा विचार करावयाचा आहे. आणि तो न्हावा-शेवा या एका विशिष्ट परिसराच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

१. परिसर

रायगड जिल्ह्यातील न्हावा हे गाव पनवेल तालुक्यात व शेवा हे उरण तालुक्यात मोडते. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी ही या पट्ट्यातील आगरी व कोळी समाजांची परंपरागत उपजीविकेची साधने. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईसाठी भूसंपादन सुरू झाले. भूमिपुत्रांच्या १६ व १७ जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यातूनच विकसित भूखंड परत देण्याची साडेबारा टक्क्यांची योजना पुढे आली. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू व खारकोपर-उरण लोहमार्ग या दोहोंचे उद्घाटन झाले आणि मुंबई अगदी हाकेच्या अंतरावर आली.

या पट्ट्यातील मुले-मुली फुंडे, उरण, पनवेल येथील महाविद्यालयांत शिकतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी होय. त्यांच्या दृष्टीने लेखन हा केवळ परीक्षेचा विषय नाही. बंदर व त्याभोवतीची कंटेनर-गोदामे यांत मिळणारे कारकुनी काम कागदांचे असते. शिपिंग बिल, बिल ऑफ एन्ट्री, गेटपास यांतील एका चुकीच्या शब्दाने माल अडून पडतो. दुसरीकडे घरातील जमिनीचा अर्ज, वारसनोंदीचे पत्र, पुनर्वसनाचे निवेदन हेही याच मुलांकडून लिहून घेतले जाते. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने बंदराच्या विस्तारामुळे बाधित झालेल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. अशा दाव्यांत हानीचे कथन किती सुस्पष्ट, सप्रमाण व क्रमबद्ध लिहिले आहे यास केवढे महत्त्व असते, हे निराळे सांगावयास नको. ज्या गावाने कागदावर जमीन गमावली, त्या गावाच्या मुलांना कागदावर आपले म्हणणे नीट मांडता येणे हा साहित्यिक हौसेचा प्रश्न नव्हे.

२. चुकीची मीमांसा

आता एक उदाहरण घेऊ. ते केवळ विवेचनाकरिता रचलेले आहे, पण त्यातील एकही चूक काल्पनिक नाही. ‘माझे गाव’ या विषयावर विद्यार्थी लिहितो : ‘आमची जमीन बंदरात गेली आनि त्याच्यामुले वडीलांना नोकरी लागली नाही म्हनुन खूप अन्याय झाला.’

तांबडी शाई येथे चार शब्दांखाली रेघा ओढील : आनि, त्याच्यामुले, वडीलांना, म्हनुन. परंतु या चार शब्दांतील चुका एका जातीच्या नाहीत. ‘आनि’ आणि ‘म्हनुन’ यांतील ‘ण’ च्या जागी आलेला ‘न’, तसेच ‘मुले’ मधील ‘ळ’ च्या जागी आलेला ‘ल’ ही आगरी बोलीची नियमित ध्वनिव्यवस्था आहे. याच बोलीत ‘गाडी’ ची ‘गारी’ होते. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) आगरीची नोंद घेतली होती. विद्यार्थी येथे नियम मोडीत नाही. तो आपल्या घरच्या भाषेचा नियम पाळतो आहे. ‘वडीलांना’ ही चूक मात्र बोलीची नव्हे. सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो, हा प्रमाणलेखनाचा संकेत पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यासही चकवितो. आणि ‘म्हनुन’ मधील ऱ्हस्व उकार त्याच प्रकारचा. म्हणजे शब्द चार, स्खलने पाच, आणि कारणे दोन.

हा भेद वर्गात सर्वांसमोर सांगणे अवघड असते. सांगितलाच तर बोलीचा उपहास झाल्यासारखे विद्यार्थ्यास वाटते, आणि मग अतिशुद्धीची प्रवृत्ती बळावते : ‘ण’ चुकू नये म्हणून जेथे ‘न’ हवा तेथेही तो ‘ण’ लिहू लागतो, ‘मन’ चे ‘मण’ करतो. समोरासमोरच्या भेटीत शिक्षक एवढेच विचारतो की, हा शब्द घरी कसा उच्चारतात आणि पुस्तकात कसा छापतात. दोन्ही रूपे शेजारी मांडली की विद्यार्थ्यास आपल्या चुकीचा नियमच सापडतो, व नियम सापडला की पुढील पन्नास शब्द तो स्वतःच तपासू शकतो. १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेल्या चौदा लेखनविषयक नियमांतही पात्राच्या तोंडी बोली घालताना उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. बोली त्याज्य नाही. कोणते लेखन कोणासाठी आहे याचा विवेक मात्र आवश्यक आहे.

परंतु वरील वाक्याचा खरा दोष या चार शब्दांत नाहीच. जमीन गेली ‘त्यामुळे’ नोकरी लागली नाही, हा कार्यकारणसंबंध लेखकाच्या मनात स्पष्ट आहे, कागदावर नाही. नोकरीचे आश्वासन कोणी दिले होते? केव्हा? ते लेखी होते काय? किती जमीन गेली? वडिलांनी अर्ज केला होता काय? चारही शब्द शुद्ध केले तरी वाक्य होते तेवढेच दुबळे राहते. शुद्धिपत्रकाने ते सुधारणार नाही, प्रश्नाने सुधारेल. आणि प्रश्न विचारण्यास दोन माणसे समोरासमोर यावी लागतात.

३. पूर्वपीठिका

ही कल्पना परकीय आहे असे मानण्याचे कारण नाही. मराठी गद्याच्या घडणीच्या काळात मेजर टॉमस क्यांडी यांनी शालेय पुस्तकांची हस्तलिखिते ओळीन् ओळ तपासून एतद्देशीय पंडितांकडून ती सुधारून घेतली. विरामचिन्हांचा वापर मराठीत रूढ करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. परंतु याच कार्यावर असाही आक्षेप घेतला गेला की, या संस्करणाने मराठी वाक्यास इंग्रजीचे वळण लागले. मार्गदर्शकाचा हात लेखकाच्या हातावर किती दाबावा, हा प्रश्न आपल्याकडे असा दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याच काळात, १८५५ मध्ये, पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. शाळेची पायरी नुकतीच चढलेल्या समाजातील मुलीस आपले म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडण्याचे बळ मिळाले, म्हणजे काय होते, याचे ते उदाहरण होय.

उच्च शिक्षणात राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) व्याख्यानाच्या जोडीस ट्यूटोरिअलची आवश्यकता आग्रहाने प्रतिपादिली होती. त्यामागे ऑक्सफर्ड-केंब्रिजची परंपरा होती. परंतु आपल्या प्रश्नाशी अधिक जवळचे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तेथील नगर विद्यापीठाने १९७० मध्ये प्रवेशाची दारे सर्वांस खुली केली, आणि लेखनाची पूर्वतयारी नसलेले सहस्रावधी विद्यार्थी वर्गात आले. मिना शॉनेसी या अध्यापिकेने त्यांचे निबंध अभ्यासून १९७७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य सिद्धांत असा की, नवशिक्याच्या चुका यदृच्छेने होत नाहीत. त्यांना तर्क असतो, आणि तो तर्क ओळखणे हे शिक्षकाचे पहिले काम होय. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की, शिक्षकाचे समासातील शेरे बहुधा संदिग्ध असतात आणि विद्यार्थ्याचा हेतू बाजूस सारून शिक्षकाचाच हेतू पुढे करतात. १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ यांनी लेखन-केंद्रांचे ध्येय लेखन सुधारणे हे नसून लेखक सुधारणे हे आहे, असे मांडले. हा भेद वरवर शाब्दिक वाटला तरी भेटीची सारी पद्धत त्यावर अवलंबून आहे.

४. भेटीची पद्धत

भेट पंधरा मिनिटांची असावी आणि लेखन एका पानाहून अधिक नसावे. प्रथम विद्यार्थ्याने आपले लेखन मोठ्याने वाचावे. वाचताना तो जेथे अडखळतो किंवा कागदावर नसलेला शब्द आपसूक उच्चारतो, तेथे वाक्याची घडी बिघडलेली असते, आणि बऱ्याच वेळा त्याची त्यालाच ती कळते. दुसरे, मार्गदर्शकाने आधी आशयाविषयी विचारावे : हे कोणास सांगावयाचे आहे, आणि त्याने काय मानावे अशी अपेक्षा आहे? क्रम, पुरावा, परिच्छेद हे त्यानंतर; शुद्धलेखन सर्वांत शेवटी, आणि तेही एका भेटीत एकाच जातीच्या चुकीपुरते. तिसरे, लेखणी विद्यार्थ्याच्या हातीच राहावी. मार्गदर्शकाने सुचविलेले सुंदर वाक्य विद्यार्थी उतरवून घेतो, तेव्हा निबंध सुधारतो पण विद्यार्थी होता तेथेच राहतो. चौथे, भेट संपताना पुढील मसुद्यात काय करावयाचे हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहावे. आपल्या उदाहरणात ती ओळ अशी असू शकेल : ‘वडिलांनी केव्हा व कोणाकडे अर्ज केला ते घरी विचारून येणे.’ ही एक ओळ त्या विद्यार्थ्यास घरातील कागदांच्या पेटीपर्यंत नेते, आणि लेखनाचा आरंभ तेथे होतो.

५. फलनिष्पत्ती आणि तिची मर्यादा

व्यक्तिशः अध्यापनाच्या परिणामाविषयी बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा लेख वारंवार उद्धृत केला जातो. व्यक्तिशः शिकविलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सरासरी विद्यार्थ्याच्या दोन प्रमाण-विचलने पुढे असतो, असे त्यांचे म्हणणे. परंतु त्यामागील प्रयोग संभाव्यता व नकाशाशास्त्र यांसारख्या विषयांतील होते, आणि व्हॅन लेन यांच्या २०११ च्या समीक्षेत हा लाभ सुमारे ०.७९ इतकाच आढळला. हाही लाभ लहान नव्हे. तथापि तो जसाच्या तसा मराठी लेखनास लावणे शास्त्रशुद्ध होणार नाही. लेखनातील प्रगती अंकांत मोजणे कठीण, आणि पहिल्या सत्रात ती बहुधा चुकांच्या घटीत दिसतही नाही. अधिक अवघड वाक्ये लिहू पाहणाऱ्याच्या चुका काही काळ वाढतात.

६. वेळेचा हिशेब

‘हे सारे खरे, पण वेळ कोठून आणावयाचा?’ हा आक्षेप रास्त आहे. वर्गात १२० विद्यार्थी धरले, तर प्रत्येकी १५ मिनिटांची एक फेरी ३० तासांची होते. सत्रात दोन फेऱ्या म्हणजे ६० तास. १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्यास ४ तास. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनभार आठवड्यास १६ तासांचा आहे. त्यावर आणखी चार तास लादणे अन्यायाचे होईल. परंतु आठवड्यातील एक व्याख्यान कमी करून तो तास भेटींस दिला, तर १५ तास निघतात. उरलेले ४५ तास तृतीय वर्षाच्या किंवा पदव्युत्तर वर्गातील सहा विद्यार्थ्यांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्यास सत्रभरात साडेसात तास, म्हणजे आठवड्यास अर्धा तास येतो. शिवाय त्याच गावचा, तीच बोली बोलणारा वरच्या वर्गातील विद्यार्थी नवागतास शिक्षकापेक्षा कमी परका वाटतो. मात्र त्यास आधी प्रशिक्षण हवे. अन्यथा तो निबंध स्वतःच लिहून देईल.

मार्गदर्शक व विद्यार्थी यांचे प्रमाण नॅकच्या मूल्यांकनात विचारले जाते, आणि त्याकरिता नोंदवह्या ठेवल्या जातात. ती वही भरणे आणि मार्गदर्शन करणे या भिन्न गोष्टी आहेत, याचे स्मरण असावे. २०२२ च्या अखेरीपासून क्षणार्धात निबंध लिहून देणारी यंत्रेही विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. त्यांचे लेखन निर्दोष असते, पण कोणत्या वर्षी कोणत्या कचेरीत आपल्या आजोबांनी अर्ज दिला हे त्यांना ठाऊक नसते. समोर बसून विचारलेल्या साध्या प्रश्नाचे मोल म्हणूनच आज कमी झालेले नाही, उलट वाढले आहे.

एका अभ्यासक्रमाने किंवा एका सत्राने हा प्रश्न सुटेल, असा दावा येथे नाही. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सत्रात साडेसात तास देण्याची तयारी दाखविली, आणि प्रत्येक भेटीनंतरची ती एक ओळ जपून ठेवली, तर वर्षाअखेरीस चुकांच्या तर्काचा अभ्यास करण्यास पुरेशी सामग्री जमेल, आणि काही विद्यार्थी आपल्या घरचा अर्ज आपल्या हाताने लिहू लागतील. यांपैकी दुसरे साधले तरी श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही.