घाटउतारावरील ट्रेलर आणि ब्रेकची सुरक्षितता : एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील घाटरस्त्यांवर अवजड ट्रेलरचा अपघात घडला की वृत्तपत्रांतून 'ब्रेक फेल' हे दोन शब्द हमखास वाचावयास मिळतात. त्यावरून वाहनाचा एखादा भाग अकस्मात तुटला असावा, असा सर्वसाधारण समज होतो. असे कधी कधी घडतेही. तथापि, दीर्घ उतारावर ब्रेक निकामी होण्याची क्रिया बहुधा काही मिनिटे आधीच सुरू झालेली असते आणि तिचे मूळ उष्णतेत असते. प्रस्तुत लेखात ट्रेलरच्या एअर ब्रेकची रचना व तिच्या मर्यादा यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

हवेच्या दाबाचे कार्य

ट्रेलर ओढणाऱ्या वाहनास चालकवर्गात 'घोडा' म्हणतात. घोडा व ट्रेलर यांना जोडणारे हवेचे दोन पाईप असतात. एकातून ट्रेलरवरील टाकीत हवा भरली जाते, तर दुसऱ्यातून चालकाने पेडल दाबल्याचा संदेश पोहोचतो. संदेश मिळताच ट्रेलरवरील व्हॉल्व्ह टाकीतील हवा चाकांजवळील ब्रेक चेंबरमध्ये सोडतो आणि लायनर ड्रमवर घासू लागतात. हवा भरणारा पाईप तुटला किंवा ट्रेलर घोड्यापासून सुटला, तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. हवा गेली असता ब्रेक सुटू नये, उलट लागावा, हे तत्त्व जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७० च्या दशकात रेल्वेगाड्यांसाठी प्रत्यक्षात आणले. आजच्या ट्रकमधील स्प्रिंग ब्रेकही याच विचाराचा आविष्कार होय. त्यात हवेचा दाब ब्रेकला सोडवून धरतो आणि दाब ओसरताच स्प्रिंग ब्रेक लावते.

ही व्यवस्था निःसंशय उत्तम आहे. मात्र ती संरक्षण देते ते हवा निघून जाण्यापासून. ड्रम तापण्यापासून ती कोणतेही संरक्षण देत नाही, आणि घाटात खरा धोका तोच असतो.

उष्णतेचा हिशेब

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर, तर खोपोली सुमारे ६० मीटर उंचीवर आहे. ४० टन वजनाचा ट्रेलर बोर घाटातून ही सुमारे साडेपाचशे मीटर उंची उतरतो तेव्हा २१ कोटी ज्यूलहून अधिक ऊर्जा कोठे तरी खर्ची पडावी लागते. एवढ्या उष्णतेने सातशे लिटर पाणी सामान्य तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. तिचा काही भाग टायरचे घर्षण व हवेचा विरोध यांत जातो. उरलेली सर्व ऊर्जा इंजिनाने अडविली नाही तर ती ब्रेकमध्येच उष्णतारूपाने जमा होते.

तापलेल्या ड्रमचा व्यास वाढतो, लायनर त्याच्यापासून दूर पडतात आणि चेंबरच्या दांड्याला अधिक अंतर सरकावे लागते. हे अंतर एका मर्यादेपलीकडे गेले की हवेचा दाब पूर्ण असूनही ड्रमवरील जोर झपाट्याने घटतो. त्यातच अतितप्त लायनरचे घर्षणही कमी होते. अशा वेळी स्प्रिंग ब्रेक लावूनही फारसा उपयोग होत नाही, कारण तोही त्याच लायनरवर व त्याच ड्रमवर विसंबून असतो. स्लॅक अ‍ॅडजस्टर आधीच सैल असेल तर ही अवस्था लवकर येते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने जोडधुऱ्यांवरील अनुज्ञेय भार १९ टनांवरून २१ टन केला. भार वाढला की त्याच उतारावरील उष्णताही त्याच प्रमाणात वाढते, ही बाब माल भरताना क्वचितच विचारात घेतली जाते.

घोडा व ट्रेलर यांचा मेळ

ट्रेलरचे ब्रेक घोड्याच्या ब्रेकबरोबर किंवा किंचित आधी लागणे इष्ट असते. ते उशिरा अथवा दुर्बलपणे लागल्यास मागील सर्व भार घोड्यावर लोटला जातो. घोड्याची मागील चाके जाम झाली तर जोडणीच्या ठिकाणी वाहन चाकूसारखे मिटते. चाके जाम होणे अँटिलॉक यंत्रणेमुळे टळते. परंतु झिजलेल्या लायनरला ती यंत्रणा घर्षण मिळवून देऊ शकत नाही. एकच ट्रेलर आज एका घोड्यामागे, तर उद्या दुसऱ्यामागे जोडला जातो. साहजिकच त्याच्या देखभालीची जबाबदारी कोणा एकाची राहत नाही. ट्रेलरला इंजिन नसल्यामुळे त्याला फारशी देखभाल लागत नाही, असा जो ग्रह आढळतो तो भ्रामक आहे.

न्यूट्रलची सवय

उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय या प्रश्नाशी थेट निगडित आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध संपतो व सर्व भार ब्रेकवर पडतो. इंजिनच बंद केले तर कॉम्प्रेसरही थांबतो. मग पेडल दाबण्याच्या प्रत्येक वेळी हवा खर्च होते, परंतु भरून निघत नाही. शिवाय पॉवर स्टिअरिंगचे साहाय्यही नाहीसे होते. पुण्यातील नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड मालवाहू वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. प्रारंभी ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. प्राथमिक तपासात मात्र उतारावर इंजिन बंद ठेवल्याची बाब पुढे आली. वाचलेले डिझेल बहुधा मालकाच्या वा चालकाच्या पदरी पडते, धोका मात्र रस्त्यावरील सर्वांच्या वाट्याला येतो. म्हणून हा प्रश्न केवळ चालकाच्या बेपर्वाईचा मानून चालणार नाही. मोबदल्याची रीतही येथे तपासावी लागेल.

ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा चालकांचा जुना दंडक शास्त्रसंमत आहे. नव्या, अधिक शक्तीच्या इंजिनांच्या बाबतीत त्याहूनही खालचा गिअर योग्य ठरतो. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकला पाहिजे, कारण वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि त्या प्रयत्नात गाडी न्यूट्रलमध्येच अडकते.

अपघातानंतरच्या तपासणीतही एक अडचण संभवते. तापून निष्प्रभ झालेला ब्रेक थंड झाल्यावर पुष्कळदा पूर्ववत काम करू लागतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्यास तो निर्दोष भासतो आणि चालकाचे कथन खोटे ठरते. म्हणून तपासणीत प्रत्येक चाकाच्या चेंबरचा दांडा किती सरकतो, लायनरवर जळाल्याच्या खुणा आहेत काय, ड्रमवर तडे अथवा निळसर डाग आहेत काय आणि गिअर कोणत्या स्थितीत होता, यांची नोंद घोडा व ट्रेलर या दोहोंसाठी स्वतंत्रपणे होणे आवश्यक आहे.