दोन रात्रींचे नागपूर

डिसेंबर उजाडला की पांढुर्णा-सौंसरकडच्या घरांतून एक जुनाच प्रश्न पुन्हा डोके वर काढतो : नाताळच्या सुट्टीत मुलांना कोठे न्यावे? मुले लहान असतात तोवर उत्तर सोपे असते. जामसावळीच्या मारुतीचे दर्शन घ्यावे, झाडाखाली बसून डब्यातली पुरी-भाजी खावी, फार तर चार दिवस आजोळी जाऊन यावे. परंतु मुलगी अकरावीत आणि मुलगा नववीत गेला म्हणजे हा सगळा बेत त्यांना बाळबोध वाटू लागतो. "तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबते," हे वाक्य ज्या आईबापांनी पहिल्यांदा ऐकले असेल, त्यांना त्यातली बोच वेगळी सांगायला नको. पुढे दोन-तीन वर्षांत ही मुले शिक्षणासाठी भोपाळ, इंदूर किंवा पुण्याला जायची असतात. एकत्र प्रवासाचे हिवाळे आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत, ही जाणीव त्या एका वाक्याने होते.

अशा घरांना मी दोन रात्रींच्या नागपूरची शिफारस करीन. "नागपुरात पाहायचे काय? वर्षातून चारदा जातोच की!" असे कोणी म्हणेल. खरे आहे, आपण जातो. पण कशासाठी जातो? डॉक्टरांना दाखवायला, लग्नाचा बस्ता बांधायला, कोणाला तरी स्टेशनवर पोहोचवायला. आपल्या मुलांनी पाहिलेले नागपूर म्हणजे दवाखान्यातले बाक आणि कापडाच्या दुकानातली गादी. शहर म्हणून ते त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

आमच्या घरी पहिला प्रयत्न फसला, तो माझ्याच उत्साहापायी. दोन दिवसांत अकरा ठिकाणांची यादी मी स्वतः तयार केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुलगा रिक्षातच झोपू लागला, मुलगी बोलेनाशी झाली आणि मी मात्र घड्याळ पाहत सर्वांना पुढे रेटीत होतो. पुढच्या वर्षी सौभाग्यवतींनी सुचवले, "या खेपेला आखणी मुलांकडे द्या. पैशाचे पाकीटही त्यांच्याच हाती द्या." मला ते धाडस वाटले, पण दिले. घरातून तीनच अटी घातल्या : दिवसाला दोनांहून अधिक ठिकाणे नकोत, एक संध्याकाळ पूर्ण मोकळी हवी, आणि पाकीट रिकामे झाले तर आणखी मिळणार नाही.

मुलांनी प्रथम तारीख ठरवली, आणि मी ज्याचा कधी विचार केला नव्हता अशा दोन गोष्टी त्यांनी शोधून काढल्या. पहिली ही की, महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरातच नागपुरात भरते. १९५३ च्या नागपूर करारावर आधारलेल्या या प्रथेमुळे त्या दिवसांत शहरातल्या खोल्या भरून जातात आणि मोर्चांमुळे रस्ते अडतात. तेव्हा अधिवेशनाच्या तारखा पाहूनच आपल्या तारखा धराव्यात. दुसरी अशी की, संग्रहालये सहसा सोमवारी बंद असतात. म्हणून शुक्रवारी निघून रविवारी परतणे चांगले. कपड्यांविषयीही एक सूचना करतो. त्या दिवसांत नागपुरात पहाटे आणि रात्री चांगलाच गारठा असतो, पण दुपारी उन्हात स्वेटर नकोसा होतो. एकच जाड स्वेटर घेण्यापेक्षा अंगावरून सहज काढता येतील असे दोन पातळ कपडे बरे.

जाण्याची सोय दोन्हीकडून आहे. पांढुर्ण्याहून इटारसी-नागपूर मार्गावरची गाडी नरखेड, काटोलवरून थेट नागपूर स्टेशनात नेते. सौंसरहून लोधीखेडा, केळोद, सावनेर या वाटेने बस जाते आणि रेल्वेही इतवारीपर्यंत जाते. शहरात मेट्रोच्या दोन मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. २०१९ साली सुरू झालेल्या या मेट्रोचा पहिला टप्पा २०२२ च्या डिसेंबरात पूर्ण झाला. मोठ्या मुलांच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होय. कारण मोकळ्या संध्याकाळी ती आपापली फिरू शकतात. "साडेसातला सीताबर्डी स्टेशनवर भेटायचे" एवढे ठरले की पुरे. त्या दोन तासांत आईबापांचा जीव थोडा खालीवर होतो खरा, पण तेवढी सवय आपल्यालाही लावून घ्यायला हवी.

मुलांच्या यादीतले पहिले ठिकाण होते मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय. कडबी चौकाच्या मेट्रो स्थानकापासून ते जवळ आहे. २००२ साली उघडलेल्या या जागी बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातील छोटी इंजिने आणि डबे जपून ठेवले आहेत. आपल्या भागातील वाचकांना यात काय वाटेल, हे सांगायला हवे का? छिंदवाडा-सौंसर-नागपूर ही अडीच फुटी रुळांची गाडी २०१५ साली बंद झाली आणि त्या जागी ब्रॉडगेज आले. तिच्या संथपणाची थट्टा करण्यात आमच्या वडीलधाऱ्यांचा जन्म गेला : चालत्या गाडीतून उतरावे, बोरे वेचावी आणि पुन्हा त्याच डब्यात चढावे! माझा मुलगा त्या छोट्या डब्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. "आजी यातूनच यायची का?" एवढेच त्याने विचारले.

दुसरे ठिकाण झिरो माइलचा स्तंभ. चार घोडे आणि एक खांब, पाच मिनिटांत पाहून होणारी गोष्ट. परंतु तेथील दगडावर निरनिराळ्या गावांची मैलांतली अंतरे कोरली आहेत, त्यांत जबलपूर आहे, हैदराबाद आहे, बैतूल आहे आणि आपले छिंदवाडाही आहे. मुलांनी ते नाव शोधून काढले तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. परक्या शहरात आपल्या घराची पाटी दिसावी, तसेच काहीसे ते होते.

खरे म्हणजे हे शहर आपल्याला परके कधी नव्हतेच. अठराव्या शतकाच्या आरंभी ज्या बख्त बुलंद शाहाने नागपूर वसवले, तो देवगडचा गोंड राजा; आणि ते देवगड आपल्या छिंदवाडा जिल्ह्यातले. पुढे भोसल्यांचे राज्य आले, नंतर इंग्रजांचा मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. स्वातंत्र्यानंतर १९५० साली त्याच प्रांताला मध्य प्रदेश हे नाव मिळाले आणि १९५६ पर्यंत त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. आपण घर बदलले नाही. सीमारेषा मात्र आपल्या अंगणाच्या कडेने गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दीक्षाभूमीवर गेलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आतली शांतता अनुभवून बाहेर आल्यावर मुलगी बोटांवर काही मोजू लागली. मग म्हणाली, "बाबा, चौदा ऑक्टोबर म्हणजे एक नोव्हेंबरच्या अठरा दिवस आधी. म्हणजे त्या दिवशी ही जागा मध्य प्रदेशात होती!" इतकी वर्षे हे दोन्ही दिनांक मला पाठ होते, ते एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे मला कधी सुचले नव्हते. मुलांना आपण दाखवायला नेतो आणि पुष्कळदा तीच आपल्याला दाखवतात.

त्याच दुपारी १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय पाहिले. सगळे नागपूर त्याला 'अजब बंगला' म्हणते. शिलालेख, शस्त्रे, पेंढा भरलेले प्राणी यांत मुलांची मने रमतात; मात्र सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. मोकळ्या संध्याकाळी मुलगा गांधीसागराजवळच्या रामन विज्ञान केंद्रात तारांगण पाहायला गेला आणि मुलगी बर्डीवर पुस्तके चाळायला. ती दोन मराठी कादंबऱ्या घेऊन आली. शाळेत तिचे सारे शिक्षण हिंदीतून झालेले. मराठी घरात बोलण्यापुरती. घरातल्या पुस्तकाला सहसा हात न लावणाऱ्या मुलीने स्वतःच्या वाटणीच्या पैशांतून मराठी पुस्तक घेतले, याचे मोल मी कोणत्या हिशेबात धरू?

या सहलीत एक गोष्ट मात्र कोणीच आखली नव्हती. पुण्याच्या नातलगांकडे गेलो की आमची मुले मुकी होतात. 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' असे तोंडून निघाले की तिथली भावंडे हसतात. मग ही हिंदीचा आसरा घेतात. रविवारी सकाळी तर्री पोह्याच्या गाडीवर उभे असताना गाडीवाल्याने सहज विचारले, "कुठून येऊन राहिले, बाप्पा?" मुलाने चटकन वर पाहिले आणि तितक्याच सहजपणे उत्तर दिले, "सौंसरहून येऊन राहिलो." कोणी हसले नाही. गाडीवाल्याने तर्रीचा आणखी एक पळा वाढला, एवढेच. नागपूरच्या बाजारात हिंदीही भरपूर ऐकू येते, हे मुलांना ठाऊक झाले. पण आपली बोली एवढ्या मोठ्या शहरात उजळ माथ्याने बोलली जाते, हेही त्यांनी त्याच कानांनी ऐकले.

परतताना पाकिटात थोडे पैसे उरले होते. त्यांची संत्रा बर्फी घ्यावी असे मुलाने ठरवले. आपल्याच बागांत पिकणारा तो नागपुरी संत्रा आपणच नागपुराहून विकत आणावा, याची त्याला मोठी गंमत वाटत होती. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. नकाशावर आपली ओळख आता वेगळी लिहिली जाते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु सीमेपलीकडचे ते शहरही आपल्याच घराचा एक सोपा आहे, हे मुलांना एकदा दाखवून ठेवावे. उद्या ती कोठेही गेली, तरी परतीची वाट ओळखीची राहील.

बर्फीचा डबा घरी पोहोचेपर्यंत निम्मा झाला होता. मुलीने पाकिटाच्या मागच्या बाजूला पुढच्या हिवाळ्याची यादी लिहायला घेतली होती, आणि त्या यादीत आम्हा दोघांचीही नावे होती.